पाळीची तारीख आणि बाईची इच्छा

"पाळी संपली की आठवड्याभरानं मला नवऱ्याजवळ जावंसं वाटतं. पुढं पंधरा दिवस काहीच वाटत नाही. माझ्यात काही बिघाड आहे का?"

कोल्हापुरातल्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला हा प्रश्न नवा नाही. पण तो पहिल्या वाक्यात येत नाही. आधी कंबरदुखी सांगून होते, मग अंगावरून जाण्याची तक्रार होते. सोबत आलेली सासू किंवा नणंद बाहेर गेली की मग तो हलक्या आवाजात विचारला जातो. नवरे हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं विचारतात: "पाळीनंतर बाईची इच्छा वाढते म्हणतात, मग आमची बायको नको का म्हणते?" आणि दोन मुलांनंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायला निघालेली बाई विचारते: "ऑपरेशन केल्यावर मन उडतं म्हणतात, खरं का?"

तिघांच्या मनातली शंका एकच आहे. पाळीच्या चक्राची बाईच्या कामेच्छेवर हुकमत किती? उत्तर असं की, चक्राचा इच्छेवर परिणाम होतो, तो मोजता येतो, पण तो लहान आहे. इच्छेला घडवणारी किंवा मोडणारी मोठी कारणं घरात, शेतात, कामाच्या ठिकाणी आणि नवरा-बायकोच्या बोलण्यात सापडतात. हे का, ते समजून घेण्यासाठी आधी चक्रच नीट पाहू.

१. अठ्ठावीस दिवस कोणाचे?

पाळीचा पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. तिथपासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. शाळेच्या पुस्तकात ते २८ दिवसांचं असतं. त्यामुळे ज्या मुलीची पाळी ३२ दिवसांनी येते तिला आपण उशिराच्या आणि जिची २५ दिवसांनी येते तिला आपण लवकरच्या वाटतो. दोघीही ठीक आहेत. मोठ्या वयाच्या स्त्रीचं चक्र साधारण २१ ते ३५ दिवसांचं असलं तर डॉक्टर ते नेहमीचं मानतात. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीत आणि पाळी जायला आलेल्या बाईत ते याहूनही मागेपुढे होतं.

२०१९ मध्ये मोबाइल ॲपवर नोंदलेल्या ६ लाखांहून अधिक चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस निघाली. त्यातली आणखी एक गोष्ट आपल्याला पुढे लागणार आहे. चक्राचे दोन भाग असतात: स्त्रीबीज सुटण्याआधीचा आणि सुटल्यानंतरचा. या अभ्यासात पहिला भाग सरासरी १६.९ दिवसांचा आणि दुसरा १२.४ दिवसांचा होता. बाईबाईत, आणि एकाच बाईच्या महिन्यामहिन्यांत, जो फरक पडतो तो मुख्यतः पहिल्या भागात पडतो. परीक्षा, प्रवास, आजारपण, खूप श्रम यांनी पाळी लांबते तेव्हा बहुतेक वेळा स्त्रीबीज सुटायलाच उशीर झालेला असतो.

२. चक्र चालतं कसं

मेंदूच्या खालच्या बाजूला पीयूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. पाळी सुरू असतानाच ती रक्तातून अंडाशयाकडे निरोप पाठवते. रक्तातून असे निरोप नेणाऱ्या रसायनांना संप्रेरकं किंवा हार्मोन म्हणतात. निरोप मिळाला की अंडाशयातल्या काही बीजपुटिका वाढायला लागतात. प्रत्येक पुटिकेत एक स्त्रीबीज असतं. आठवड्याभरात त्यातली एक पुढे जाते, बाकीच्या मागे राहून विरतात. पुढे गेलेली पुटिका इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार करते. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं, योनीमार्ग ओलसर राहतो आणि गर्भाशयाच्या तोंडाशी येणारा स्राव अंड्याच्या पांढऱ्यासारखा पातळ, ताणला जाणारा होतो.

यानंतरची घडामोड कोल्हापूरकरांना राधानगरी धरणावरून चटकन कळेल. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरत असतं तोवर ते बंद असतात. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की पाण्याच्याच दाबानं ते आपोआप उघडतात. इथेही तसंच घडतं. इस्ट्रोजेन कमी असतं तोवर ते पीयूषिकेला आवरून धरतं. मात्र ते खूप वाढलं आणि साधारण दोन दिवस वरच राहिलं की पीयूषिका एकदम एलएच नावाचं हार्मोन मोठ्या प्रमाणात सोडते. त्यानंतर सुमारे दीड दिवसानं पुटिका फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडतं.

रिकामी झालेली पुटिका वाया जात नाही. ती पिवळसर पिंड बनते आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार करू लागते. प्रोजेस्टेरॉन अस्तराला गर्भासाठी सज्ज ठेवतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत हा पिंड आटतो, दोन्ही हार्मोन खाली येतात, अस्तर सुटतं आणि पाळी येते. पाळीतून जातं ते रक्त, अस्तराचे तुकडे आणि स्राव. शरीरातली साठलेली घाण किंवा 'उष्णता' त्यातून बाहेर पडत नाही.

तिसरं एक हार्मोन ध्यानात ठेवायला हवं: टेस्टोस्टेरॉन. ते पुरुषांचं म्हणून ओळखलं जातं, पण बाईच्या अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतही थोडं तयार होतं. चक्राच्या मध्याला ते किंचित वाढतं.

३. तारीख काढून पाहू

दुसरा भाग बराचसा स्थिर असल्यामुळे स्त्रीबीज सुटण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजतात. समजा एका बाईचं चक्र ३२ दिवसांचं आहे. दुसरा भाग ढोबळमानानं १४ दिवसांचा धरून ३२ मधून १४ वजा केले की १८ येतात. म्हणजे साधारण अठराव्या दिवशी बीज सुटतं. दुसरीचं चक्र २६ दिवसांचं असेल तर बाराव्या दिवशी. सुटलेलं बीज १२ ते २४ तास टिकतं, पण पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतं. त्यामुळे गर्भ राहण्याचे दिवस सहा: बीज सुटण्याआधीचे पाच आणि सुटण्याचा एक. ३२ दिवसांच्या चक्रात ते तेरावा ते अठरावा.

हा हिशेब मूल हवं असलेल्यांना उपयोगी आहे. मूल नको असेल तर मात्र नुसत्या या हिशेबावर विसंबू नये. चक्र कधी लांबेल हे आधी कळत नाही, आणि बीज सुटून गेल्यावरच तारीख पक्की होते.

इतकी साधी वाटणारी ही माहिती शंभर वर्षांपूर्वी जगात कोणालाच नीट ठाऊक नव्हती. सुश्रुतसंहितेत पाळी सुरू झाल्यापासूनच्या बारा रात्री ऋतुकाल म्हणून सांगितल्या आहेत, तर स्मृतींमध्ये सोळा. सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी, असाही समज तिथून आजवर चालत आला आहे. त्याला आधार नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषबीजावर ठरतं, रात्रीच्या आकड्यावर नाही. एकोणिसाव्या शतकातले अनेक युरोपीय डॉक्टर तर चक्राचा मध्य हाच गर्भ न राहण्याचा काळ समजत. हे नेमकं उलट होतं. जपानचे ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२८ मध्ये स्वतंत्रपणे बीज सुटण्याची वेळ मांडली, तेव्हा कुठे चित्र सरळ झालं.

४. म्हैस माजावर येते, बाई येते का?

दुधाच्या या जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. गोठ्यात वाढलेल्या माणसाला माज म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. म्हशीचं चक्र साधारण २१ दिवसांचं. त्यात एखादा दिवसच ती माजावर असते, तेवढ्याच काळात रेड्याला जवळ येऊ देते, आणि रेतन करून घ्यायचं तर तीच वेळ साधावी लागते. एरवी तिला त्यात काही रस नसतो. म्हणजे तिथे इच्छा आणि बीज सुटणं ही एकाच दोरीला बांधलेली आहेत.

माणसाच्या मादीत ही दोरी सैल झालेली आहे. बाईला महिन्याच्या कोणत्याही दिवशी इच्छा होऊ शकते: पाळीत, पाळीआधी, गरोदरपणात, पाळी गेल्यानंतरही. बीज कधी सुटलं हे नवऱ्याला तर नाहीच, बहुतेकदा तिला स्वतःलाही कळत नाही. शरीरसंबंध माणसात फक्त मुलासाठी उरलेला नाही. जवळीक, धीर, आनंद, समेट, ओढ अशी त्याची कितीतरी कामं आहेत. म्हणून "तारीख आली की बाईला हवंच असतं" हा समज चूक आहे. बाईच्या इच्छेची वाट तिच्या मनातून जाते, आणि मनात त्या दिवशी आणखी बरंच काही चाललेलं असतं.

दोरी सैल असली तरी तुटलेली नाही. ती किती उरली आहे हे शोधायला लोकांनी बायकांनाच विचारायला हवं होतं. ते फार उशिरा घडलं.

५. बाईला कोणी विचारलं?

बाईनं आपल्या शरीराबद्दल बोलावं यासाठी आधी ऐकणारी बाई हवी. अमेरिकेत डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी यांची १८८६ मध्ये कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमणूक झाली. आजचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, ते हेच. क्षयानं त्यांना गाठलं आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. त्या खुर्चीत त्या बसू शकल्या नाहीत. पुढे शाहू महाराजांच्या पाठबळावर परदेशी शिकून आलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी या शहरात बायकांची सेवा केली. परक्या पुरुषापुढं तोंड न उघडणाऱ्या बायकांना बोलायला जागा मिळाली, हे त्या काळचं मोठं काम होतं.

इच्छेचा आलेख कागदावर काढण्याचं धाडस इंग्लंडच्या मेरी स्टोप्स यांनी केलं. १९१८ मध्ये आलेल्या त्यांच्या 'मॅरीड लव्ह' या पुस्तकात बाईची इच्छा महिन्यात दोनदा वर येते असं मांडलं होतं: एकदा पाळीच्या दोनतीन दिवस आधी आणि एकदा पाळीनंतर, साधारण पंधरवड्याच्या अंतरानं. त्यांचा आधार थोड्या बायकांच्या सांगण्यापुरताच होता. तरी बाईला स्वतःची लय असते आणि नवऱ्यानं ती ओळखून वागावं, हे म्हणणंच त्या काळी जगावेगळं होतं.

मराठी मुलखात हा विषय उघडपणे हाती घेणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे यांचं नाव पहिलं. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. कामसुखावर पुरुषाइतकाच बाईचाही हक्क आहे, हे ते सतत लिहीत. वाचकांच्या खासगी प्रश्नांना उघड उत्तरं दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. कर्व्यांना दंड झाला, तरी मासिक थांबलं नाही.

कोल्हापूरचा वाटाही यात आहे. राजाराम कॉलेजात शिकवणारे, पुढे कादंबरीकार म्हणून घरोघर पोचलेले ना. सी. फडके यांनी भारतातल्या लैंगिक प्रश्नांवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. ते १९२७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याला अमेरिकेच्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. त्या पुस्तकाचा भर मात्र सुप्रजननावर, म्हणजे 'चांगली' प्रजा निपजवण्यावर होता. कोणी मूल जन्माला घालावं आणि कोणी घालू नये हे समाजानं ठरवावं, हा विचार पुढे जगभर घातक ठरला. बाईची इच्छा तिची स्वतःची म्हणून मोजायची, तर प्रजेचा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. आजचे अभ्यास तो बाजूला ठेवून करतात.

६. आजची मोजमापं काय सांगतात

इच्छा मोजायची कशी? एक मार्ग असा: रोज डायरी लिहून घ्यायची आणि रोजच्या लाळेतून हार्मोन तपासायचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये जेम्स रॉनी आणि झाकरी सिमन्स यांनी तरुण विद्यार्थिनींचा असा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. इस्ट्रोजेन वाढलं की दोनएक दिवसांनी इच्छा थोडी वाढलेली दिसली. प्रोजेस्टेरॉन वाढलं की ती उतरलेली दिसली. टेस्टोस्टेरॉनच्या चढउतारांशी मात्र तसा संबंध दिसला नाही.

आता सुरुवातीच्या बाईचं म्हणणं या चित्रावर ठेवून पाहा. पाळी संपल्यावर आठवड्यानं इस्ट्रोजेन शिगेला जात असतं. त्यानंतरचे पंधरा दिवस प्रोजेस्टेरॉनचे. तिच्यात बिघाड नाही. तिनं आपलं चक्र अचूक ओळखलं आहे.

दुसऱ्या अभ्यासाची रचना समजून घेण्यासारखी आहे. मूल हवं म्हणून किंवा मूल नको म्हणून जोडपी ठरावीक दिवस धरतात वा टाळतात, त्यामुळे हिशेब बिघडतो. म्हणून ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी तांबी बसवलेल्या किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या ६८ स्त्रियांच्या नोंदी घेतल्या. त्यांना दिवस राहण्याची भीती नव्हती आणि हार्मोनची गोळीही त्या घेत नव्हत्या. २००४ मध्ये निष्कर्ष आला: बीज सुटण्याच्या आसपासच्या सहा दिवसांत संबंधांचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा २४ टक्क्यांनी जास्त होतं. २४ टक्के म्हणजे किती? इतर दिवसांत जिथे चार वेळा, तिथे या दिवसांत पाच वेळा. फरक खरा आहे, पण एवढाच आहे.

याच अभ्यासात तिसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे. शस्त्रक्रिया झालेल्या बायकांतही ही लय टिकून होती. नसबंदीत फक्त बीज नेणाऱ्या नळ्या बंद होतात. अंडाशय जागच्या जागी असतं आणि त्याचे हार्मोन पूर्वीसारखेच रक्तात जातात. त्या शस्त्रक्रियेनं इच्छा मरण्याचं शारीरिक कारण नाही. उलट, दिवस राहण्याची धास्ती संपल्यानं कित्येकींना मोकळं वाटतं.

मोठ्या प्रमाणावरचा पुरावाही आहे. जर्मनीतल्या रुबेन अर्सलान आणि सहकाऱ्यांनी हजारावर स्त्रियांच्या सुमारे २६ हजार रोजनोंदी तपासल्या. गर्भनिरोधक हार्मोन न घेणाऱ्या स्त्रियांत बीज सुटण्याच्या सुमारास इच्छा वाढत होती, घेणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही.

काही गाजलेले दावे मात्र कसाला उतरले नाहीत. १९९९ मध्ये एका नामवंत नियतकालिकात असं आलं की, बीज सुटण्याच्या दिवसांत बायकांना अधिक पुरुषी चेहरे आवडतात. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं आणि "त्या दिवसांत बाईचं मन परक्याकडे ओढतं" इथपर्यंत गोष्ट गेली. २०१८ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी ५८४ स्त्रियांच्या हार्मोनसह ते पुन्हा तपासलं, तेव्हा तसा बदल दिसला नाही. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात इच्छा चक्रानुसार बदलली, पण बांधिलकी नसलेल्या संबंधांची ओढ बदलली नाही. चक्र इच्छेचा आवाज थोडा कमी-जास्त करतं. बाईचा स्वभाव, तिची निष्ठा, तिची निवड ते बदलत नाही. संशयाच्या भरात बायकोच्या तारखा मोजणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

होस्टेलवर राहणाऱ्या मुलींच्या पाळ्या हळूहळू जुळतात, हा समजही असाच. तो १९७१ च्या एका अभ्यासावरून पसरला. पुढच्या काटेकोर अभ्यासांत तो टिकला नाही. लांबी वेगवेगळी असलेली चक्रं अधूनमधून एकमेकांवर येतातच, आणि तेवढेच महिने लक्षात राहतात.

७. गोळ्या काय करतात

गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे हार्मोन असतात. रोज घेतल्यामुळे एलएचचा तो मोठा लोंढा येतच नाही, बीज सुटत नाही, आणि मध्यावरची वाढही जाते. बहुतेकींना इच्छेत जाणवेल असा फरक पडत नाही, काहींना इच्छा कमी झाली असं वाटतं, काहींची वाढते. कमी झाली तर डॉक्टरांना सांगावं. गोळी बदलता येते किंवा तांबीसारखा दुसरा उपाय असतो.

आपल्याकडे दुसरी गोळी जास्त खपते: गौरी-गणपती, नवरात्र, लग्नकार्य यांच्या तोंडावर पाळी पुढे ढकलण्याची. तिच्यात प्रोजेस्टेरॉनसारखं औषध असतं. ते चालू असेतो अस्तर सुटत नाही, बंद केलं की दोनतीन दिवसांनी पाळी येते. डॉक्टरांच्या सल्ल्यानं कधीतरी घेतल्यास बहुतेकींना ती चालते. पण रक्ताच्या गाठीचा त्रास होऊन गेलेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईला ती धोक्याची असू शकते. घरच्या कार्याला अडचण नको म्हणून जावेच्या पर्समधली गोळी घेऊ नये. आणि कार्य पार पडावं म्हणून बाईच्या शरीराचं चक्र थांबवायचं, की पाळीतल्या बाईला कार्यात मानानं उभं राहू द्यायचं, हे घरानं एकदा बसून ठरवायला हवं.

८. तारखेपेक्षा मोठी कारणं

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ: तारीख 'बरोबर' असून बायको नको का म्हणते? २४ टक्क्यांचा फरक पुसून टाकायला रोजच्या जगण्यातली बरीच कारणं पुरेशी असतात.

पहिलं कारण थकवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलं की जिना चढताना धाप लागते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिला झोप हवी असते.

दुसरं कारण दुखणं. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर शरीर पुढच्या वेळी आधीच आखडतं. जंतुसंसर्ग, गर्भाशयाचं अस्तर जागा सोडून वाढणं, बाळंतपणानंतरचा कोरडेपणा, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, यातल्या बहुतेकांवर उपचार आहेत. अंगावर पाजणाऱ्या बाईचं इस्ट्रोजेन खाली असतं. बाळ लहान असताना इच्छा कमी होणं हे शरीराच्या धर्माला धरून आहे.

तिसरं कारण भीती आणि नातं. दिवस राहण्याची भीती, घरात दाराला कडी नसणं, शेजारच्या खोलीत जागी असलेली माणसं, दिवसभर न बोललेला आणि रात्री जवळ आलेला नवरा, दारूचा वास, मारहाण. हार्मोनची कुठलीही पातळी यावर मात करत नाही.

चौथं कारण आपल्या जिल्ह्याच्या फडात दिसतं. दर हंगामात बीडसारख्या भागांतून ऊसतोड जोडपी कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांसाठी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला तर पैसे कापले जातात, पाळीच्या दिवसांत विसावा नाही, जवळ संडास नाही, पाण्याची सोय नाही. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. राज्य सरकारनं नेमलेल्या समितीपुढे हे आकडे २०१९ मध्ये आले. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलं असेल तर इस्ट्रोजेन एकदम खाली येतं: अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात, योनीमार्ग कोरडा पडतो, इच्छा मंदावते. नैसर्गिक पाळी जाण्याचं वय आपल्याकडे सरासरी ४६ च्या आसपास आहे. तिशीतल्या बाईवर ते लादणं म्हणजे तिच्या आयुष्यातली दहा-पंधरा वर्षं काढून घेणं. नसबंदी आणि गर्भपिशवी काढणं या दोन अगदी वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. पिशवी काढा असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं, आणि अंडाशय ठेवणार का, हे आधी स्पष्ट विचारावं.

पाचवं कारण लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. न्हाण आलेल्या मुलीला पहिली शिकवण मिळते ती शिवायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही, बाहेर बसायचं. आपलं शरीर लपवायचं, ते विटाळाचं, हे जिला बाराव्या वर्षी शिकवलं, तिनं लग्नाच्या रात्रीपासून त्याच शरीरात आनंद मानावा अशी अपेक्षा आपण करतो. पाळीत संबंध ठेवावेत की नाही, हा दोघांच्या आवडीचा प्रश्न आहे. दोघांची तयारी असेल तर त्यात रोग किंवा पाप नाही. निरोध वापरावा, कारण या दिवसांत संसर्ग पसरणं सोपं असतं.

९. मग करायचं काय?

बाईनं तीन महिने एक छोटी नोंद ठेवावी. रोज चार गोष्टी: पाळीचा कितवा दिवस, झोप किती झाली, मन कसं होतं, इच्छा होती का. शून्य ते तीन असे गुण दिले तरी पुरे. उदाहरण घ्या. दहाव्या ते चौदाव्या दिवशी दोन-तीन गुण, नंतर शून्य-एक, असं तीन महिने दिसलं तर ती तुमची लय आहे. गुण तारखेबरोबर न बदलता झोपेबरोबर बदलत असतील तर औषध झोपेचं आणि कामाच्या वाटणीचं आहे. सगळे दिवस शून्य असतील आणि त्याचं तुम्हाला वाईट वाटत असेल तर रक्त, थायरॉइड, चालू औषधं आणि मनाची उदासी तपासून घ्यावी. वाईट वाटत नसेल तर तो आजार नाही. ही नोंदवही बाईची. ती कोणाला दाखवायची हे तिनं ठरवायचं.

पुरुषांसाठी सूचना याहून लहान आहे: विचारा. कॅलेंडर पाहून बायकोची इच्छा कळत नाही. तारीख फार तर सरासरी सांगते, आणि सरासरी म्हणजे तुमची बायको नव्हे. ती नको म्हणाली तर ते उत्तर आहे, त्यावर हार्मोनचा दाखला देऊन वाद घालू नये. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदाही पत्नीच्या लैंगिक छळाला छळच मानतो.

आईबापांनी मुलीला पाळी येण्याआधी, आणि मुलालाही त्याच वयात, या प्रकरणातले पहिले तीन भाग सांगावेत. पुढचे भाग त्यांना मोठेपणी लागतील. तेव्हा विचारायला घरात माणूस आहे, हा विश्वास त्यांना आजच मिळायला हवा. तो मिळालेल्या मुलीला आपल्या शरीराबद्दलचा साधा प्रश्न विचारण्यासाठी सोबतची माणसं दवाखान्याबाहेर जाण्याची वाट पाहावी लागणार नाही.